केबल घेण्याआधी टीव्हीची पाठ बघा

मागच्या दसऱ्याला आमच्याकडे ५५ इंची फोर-के टीव्ही आला. बिल झालं, डिलिव्हरीची वेळ ठरली आणि काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "ताई, केबल कुठली देऊ?" मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. "साधी लावलीत तर फोर-के दिसणारच नाही बघा," असं म्हणून त्याने १,८०० रुपयांची केबल काढली. वर जाळीदार कापडाचं वेष्टन, सोनेरी टोकं, खोक्यात दागिन्यासारखी खाचेत बसवलेली. मी घेतली. आज ती आमच्या सेट टॉप बॉक्सला लावलेली आहे. त्या बॉक्सबरोबर फुकट आलेली केबल काढून ही लावली, तेव्हा चित्रात काडीचाही फरक पडला नव्हता.

त्यानंतर आणखी दोन टीव्ही माझ्या हातून जोडले गेले. एक वाईजवळ गावी सासऱ्यांचा, दुसरा ठाण्याला बहिणीचा. तीन घरांत मिळून जे गोंधळ झाले ते तुमच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून क्रमाने सांगते.

१. केबल लागणार तरी आहे का, ते आधी ठरवा

स्मार्ट टीव्हीतलं यूट्यूब, नेटफ्लिक्स वगैरे टीव्हीच्या आतच चालतं. वायफायवरून आत येतं आणि थेट पडद्यावर जातं. मध्ये एचडीएमआय केबलचा, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या केबलचा, संबंधच येत नाही. नुसतं ओटीटी बघणार असाल तर विजेच्या वायरीशिवाय तुम्हाला काही नको. मला ज्या फोर-केची भीती घातली गेली, ते आमच्या घरी बहुतेक वेळा या आतल्या ॲपमधूनच दिसतं.

केबल लागते ती बाहेरून जोडायच्या वस्तूंना. त्यांची यादी कागदावर लिहा. आमची अशी होती: एचडी सेट टॉप बॉक्स, साउंडबार, मुलाचा प्लेस्टेशन ५, नवऱ्याचा ऑफिसचा लॅपटॉप, आणि लग्नाची सीडी बघायला एक जुना डीव्हीडी प्लेयर.

२. टीव्ही भिंतीवर चढण्याआधी पाठीचा फोटो काढा

फिटिंगला मुलगा येतो, वीस मिनिटांत स्टँड ठोकतो, टीव्ही अडकवतो आणि सही घेऊन जातो. मग तुम्ही टॉर्च तोंडात धरून भिंत आणि टीव्ही यांच्या फटीत डोकं घालता. त्यापेक्षा टीव्ही खोक्यातून निघाल्या निघाल्या, गादीवर पालथा असतानाच पाठीचे फोटो घ्या. प्रत्येक सॉकेटशेजारी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते फोटोत वाचता आलं पाहिजे. 'एआरसी' किंवा 'ई-एआरसी' कुठल्या एचडीएमआयपाशी आहे, '१२० हर्ट्झ' कुठल्या, 'एव्ही इन'चं भोक आहे का, ऑप्टिकल आहे का, हे सगळं टिपून ठेवा. जोडायच्या वस्तूंच्या पाठीचेही फोटो घ्या. दुकानात हेच फोटो दाखवायचे.

सॉकेटची तोंडं कुठे आहेत तेही बघा. बाजूला किंवा खाली असतील तर प्रश्न नाही. सरळ भिंतीकडे असतील तर जाड, ताठ केबल भिंतीला टेकते आणि सॉकेटवर जोर येतो. माझ्या १,८०० रुपयांच्या केबलचं नेमकं तेच झालं. तिथे बारीक, लवचीक केबल घ्या किंवा काटकोनातलं टोक असलेली घ्या.

हाताशी एवढं ठेवा:

- मोबाइल, फोटोसाठी आणि पुढे स्टिकर स्कॅन करायला
- सुतळी आणि मोजपट्टी
- कागदी चिकटपट्टी आणि पेन
- टीव्हीच्या खोक्यातल्या सगळ्या छोट्या पिशव्या
- टीव्ही आणि बाकी वस्तूंच्या माहितीपुस्तिका
- पक्कं बिल

३. घरातली जुनी केबल आधी लावून बघा

सर्वांत स्वस्त केबल म्हणजे ड्रॉवरमध्ये पडलेली. नेहमीच्या एचडीएमआयचं टोक पहिल्यापासून एकाच मापाचं आहे, १९ पिनांचं. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीची केबलही नव्या टीव्हीत बसते. सेट टॉप बॉक्स, डीव्हीडी प्लेयर, जुना लॅपटॉप यांना ती पुरतेही. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स यांच्या खोक्यात अल्ट्रा हाय स्पीड केबल मिळते, तीच वापरा. आमच्या मुलाने ती न उघडताच "मम्मी, भारी केबल घेऊ ना," म्हणून आठवडाभर भुणभुण लावली होती.

चित्र आलं, टिकलं, तर विषय संपला. नाही आलं तरच पुढचं वाचा.

४. एचडीएमआय घ्यायचीच असेल तर नाव बघा, नंबर नको

दुकानात '२.०', '२.१', 'आठ-के' असं काय काय ऐकू येतं. २.० आणि २.१ हे आकडे टीव्ही किंवा प्लेयरच्या आतल्या तंत्राचे आहेत. २.० आलं २०१३ मध्ये, २.१ आलं २०१७ मध्ये. केबलची ओळख मात्र सेकंदाला ती किती माहिती वाहून नेते यावरून ठरते, आणि त्याला ठरलेली नावं आहेत:

- हाय स्पीड: १०.२ गिगाबिट. फुल एचडी आरामात, फोर-के सेकंदाला ३० चित्रांपर्यंत.
- प्रीमियम हाय स्पीड: १८ गिगाबिट. फोर-के, ६० चित्रं.
- अल्ट्रा हाय स्पीड: ४८ गिगाबिट. फोर-के १२० चित्रं, आठ-के ६० चित्रं.

आता हिशोब बघा. सेकंदाला ६० चित्रांच्या फुल एचडीला साधारण साडेचार गिगाबिट लागतात. फोर-केला तेवढ्याच वेगाने सुमारे १८. तुमचा एचडी सेट टॉप बॉक्स फुल एचडीच्या वर जातच नाही. त्याला ४८ गिगाबिटची केबल म्हणजे एकट्याने स्टँडवर जायला एसटी भाड्याने घेण्यासारखं आहे.

म्हणून माझी वाटणी अशी: सेट टॉप बॉक्स, डीव्हीडी, साधा लॅपटॉप यांना हाय स्पीड. फोर-के देणारा बॉक्स, ब्लू-रे किंवा नवा लॅपटॉप असेल तर प्रीमियम. गेमिंग असेल तरच अल्ट्रा. फायर टीव्ही स्टिकसारखी कांडी थेट सॉकेटमध्ये बसते, तिला केबल लागते ती फक्त विजेची. ती टीव्हीच्या यूएसबीला लावू नका. साध्या यूएसबीतून अर्धा अँपियरच मिळतो, मग कांडी मधेच बंद पडून पुन्हा सुरू होत बसते. खोक्यात आलेलाच अडॅप्टर वापरा.

खोक्यावर मोठ्या अक्षरात काहीही छापता येतं, म्हणून स्टिकर शोधा. प्रीमियम आणि अल्ट्रा या दोन प्रकारांच्या प्रमाणित केबलच्या खोक्यावर क्यूआर कोड असलेलं लेबल असतं. एचडीएमआयवाल्यांचं केबल तपासायचं ॲप मोबाइलवर घेऊन ते स्कॅन केलं की ब्रँड, मॉडेल आणि लांबी दिसते. ती समोरच्या खोक्याशी जुळली पाहिजे. मी पुण्याच्या तपकीर गल्लीत उभी राहून चार खोकी स्कॅन केली. दोघांवर लेबलच नव्हतं, तिसऱ्यावर 'आठ-के' लिहिलेलं नुसतंच चमकणारं स्टिकर होतं, चौथं जुळलं. दुकानदार काका आधी वैतागले, मग स्वतःच मोबाइल काढून बाकीची खोकी बघायला लागले. त्या दोन मीटरच्या अल्ट्रा केबलला ६५० रुपये पडले. बहिणीसाठी दीड मीटरची साधी हाय स्पीड १८० रुपयांत मिळाली. मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोडला असाच फेरफटका मारावा.

आणि 'रंग जास्त गडद दिसतात' हे जे सांगतात, त्यात तथ्य नाही. केबलमधून जातात ते शून्य आणि एक. ते नीट पोचले तर चित्र जसंच्या तसं येतं. नीट पोचले नाहीत तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, एखाद्या सेकंदासाठी काळोख होतो किंवा 'नो सिग्नल' येतं. फिक्या रंगांचं चित्र देणारी केबल आणि गडद रंगांचं देणारी केबल, असं काही नसतं. रंग बदलायचेत तर टीव्हीच्या पिक्चर मोडमध्ये जा, ते फुकट आहे.

सोन्याच्या मुलाम्याबद्दल एवढंच: सोनं गंजत नाही. कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेने पिना खराब होतात तिथे आतल्या पिनांवर तो असलेला बरा, आणि तो स्वस्त केबललाही असतो. बाहेरचं कवच सोनेरी असल्याने काही होत नाही.

५. लांबी सुतळीने मोजा

अंदाजाने केबल घेऊ नका. सुतळीचं एक टोक टीव्हीच्या सॉकेटपाशी धरा, जिथून केबल जाणार त्या वाटेने ती खाली आणा, वळणं घ्या, बॉक्सपाशी तोडा. मोजून अर्धा मीटर वाढवा. आमची सुतळी भरली १ मीटर ३० सेंटिमीटर. आणि मी आणली होती तीन मीटरची! उरलेलं वेटोळं अजून टीव्हीमागे लोंबतंय.

लांबी वाढली की सिग्नल कमजोर होतो. दोन-तीन मीटरपर्यंत कुठलीही बरी केबल चालते. पाच मीटरच्या पुढे फोर-के न्यायचं असेल तर साध्या तांब्याच्या केबलवर पैसे घालवू नका, आत फायबर असलेली घ्या. ती महाग असते आणि एकाच दिशेने चालते. एका टोकावर 'सोर्स' लिहिलेलं असतं, ते बॉक्सला. दुसऱ्यावर 'डिस्प्ले' किंवा 'टीव्ही', ते टीव्हीला.

ठाण्याला बहिणीने बॉक्स हॉलच्या पलीकडच्या कपाटात ठेवायचं ठरवलं होतं. दहा मीटरची फायबर केबल आणली. भिंतीतल्या पाऊण इंची पाइपात एचडीएमआयचं टोक शिरेना. मग छतालगत पट्टी मारून त्यातून केबल नेली, पट्टीचं झाकण बसवलं, रंगाचा हातही फिरवला. टीव्ही लावला तर 'नो सिग्नल'. टोकं उलटी गेली होती. पट्टी उघडून सगळं परत. तेव्हा दोन गोष्टी करा: घराचं काम चालू असेल तर टीव्हीमागे निदान दीड इंची पाइप टाकायला सांगा, आणि केबल भिंतीत घालण्याआधी जमिनीवर पसरून चालवून बघा.

६. साउंडबार: सॉकेट चुकलं की आवाज गायब

साउंडबारला टीव्हीतून आवाज न्यायचा असतो, म्हणजे उलटा प्रवास. तो फक्त 'एआरसी' किंवा 'ई-एआरसी' लिहिलेल्या एचडीएमआयमधूनच होतो. शेजारच्या सॉकेटमध्ये लावलात तर केबल बसते, दिवा लागतो, पण आवाज येत नाही. साउंडबारच्या बाजूलाही तसंच, 'एआरसी' लिहिलेलं सॉकेट हवं. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू करा. ते प्रत्येक कंपनीत वेगळ्या नावाने असतं: सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. हे झालं की टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो. एआरसीला साधी हाय स्पीड केबल पुरते, आणि ती बहुधा साउंडबारच्या खोक्यातच असते.

साउंडबार जुना असेल आणि त्याला ऑप्टिकल असेल तर तीही चालेल. आवाज प्रकाशातून जातो, फाइव्ह पॉइंट वन, म्हणजे चहूबाजूंनी येणारा आवाज, मिळतो. डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे वरूनही आल्यासारखा वाटणारा आवाज, मात्र ऑप्टिकलमधून येत नाही. नव्या ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांवर प्लास्टिकच्या इवल्याशा पारदर्शक टोप्या असतात. त्या न काढता लावली की बसत नाही, आणि लोक जोर लावून सॉकेटचं झाकण मोडतात. टोप्या काढा, टीव्हीच्या बाजूचं टोक लावा, दुसऱ्या टोकातून लाल उजेड दिसला की टीव्हीकडून सिग्नल येतोय.

७. लाल-पांढरी-पिवळी पिन

सासऱ्यांकडे छत्री आहे, डीडी फ्री डिशची, आणि बॉक्स जुना, तीन पिनांचा. नव्या ३२ इंची टीव्हीला तीन सॉकेट नाहीतच, फक्त हेडफोनसारखं 'एव्ही इन'चं एक भोक. हल्ली बहुतेक टीव्हींचं असंच असतं. या भोकासाठीची जोडवायर बहुधा टीव्हीच्या खोक्यातच मिळते, आणि खोकं भंगारात गेलं की तीही जाते.

मला वाटलं गेलीच. वाईच्या बाजारातून साठ रुपयांची एक आणली. लावल्यावर चित्र नाही आणि स्पीकरमधून नुसती घरघर. कारण हे की या जॅकवर चार कड्या असतात, आणि कुठल्या कडीवर चित्र व कुठल्यांवर आवाज याचा क्रम सगळ्या वायरींत सारखा नसतो. अशा वेळी पिवळी पिन लाल सॉकेटमध्ये आणि लाल पिवळ्यात घालून बघा. आमचं चित्र तसंच आलं. संध्याकाळी माळ्यावर, थर्माकोलच्या खाचेत मूळ वायरही सापडली. सासूबाईंना काही टाकवत नाही, ते त्या दिवशी कामी आलं.

टीव्हीवर हिरवं सॉकेट असेल आणि त्यालाच अर्धा पिवळा रंग किंवा 'व्हिडिओ' असं लिहिलेलं असेल तर पिवळी पिन हिरव्यात जाते. चित्र काळं-पांढरं आलं तर इनपुटमध्ये 'कंपोनंट' निवडलं गेलंय का बघा, 'एव्ही' करा.

एव्हीचं भोकही नसेल तर छोटी कन्व्हर्टर डबी मिळते. सावध राहा: 'एव्ही टू एचडीएमआय' आणि 'एचडीएमआय टू एव्ही' अशा दोन डब्या दिसायला जुळ्या असतात आणि एकीचं काम दुसरी करत नाही. जुनी वस्तू, नवा टीव्ही, तर 'एव्ही टू एचडीएमआय' हवी. तिला पाच व्होल्टची वीजही द्यावी लागते. चित्र एचडी होईल अशी आशा मात्र ठेवू नका.

८. लॅपटॉप आणि मोबाइल

लॅपटॉपला एचडीएमआय असेल तर साधी केबल. जुन्या लॅपटॉपवरून फोर-के लावल्यावर माउस अडखळत चालला तर केबलला दोष देऊ नका, त्या लॅपटॉपचं एचडीएमआय सेकंदाला ३० चित्रांचंच असेल. रिझोल्यूशन फुल एचडीवर आणा. निळ्या रुंद पिनेचा व्हीजीए असेल तर कन्व्हर्टर लागतो, आणि व्हीजीएमधून आवाज जात नाही हे लक्षात ठेवून आवाजाची वेगळी पिन असलेला घ्या.

मोबाइलच्या बाबतीत सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात. टाइप-सी भोक दिसलं म्हणजे त्यातून चित्र बाहेर येतंच असं नाही. बहुतेक स्वस्त फोनचं टाइप-सी फक्त चार्जिंग आणि फाइलींपुरतं असतं. फोनच्या माहितीत 'डिस्प्लेपोर्ट' शब्द शोधा. सॅमसंगच्या एस मालिकेत तो असतो, आयफोनमध्ये १५ पासून आहे. नसेल तर टाइप-सी टू एचडीएमआय केबल कितीही महाग घ्या, पडदा काळाच राहणार. वायफायवरून कास्ट करा.

९. लॅन आणि डिशची केबल, थोडक्यात

बऱ्याच टीव्हींचं लॅन सॉकेट, म्हणजे इंटरनेटची वायर लावायचं भोक, १०० मेगाबिटचंच असतं. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ मेगाबिट मागतं, तेव्हा तेवढंही पुष्कळ झालं. कॅट ५-ई किंवा कॅट ६, जी स्वस्त मिळेल ती. कॅट ८ ची जाहिरात वाचून हसा आणि पुढे चला.

छत्रीपासून येणारी केबल आरजी-६ असावी. चॅनल अडकत असतील तर आधी टोकाची पिन उघडून बघा. बाहेरच्या जाळीचा एक बारीक केस मधल्या तांब्याच्या तारेला टेकला तरी सिग्नल जातो. जाळी मागे वळवून पिन पुन्हा आवळली की काम होतं, नवी केबल लागत नाही.

१०. जोडल्यावर टीव्हीला सांगावं लागतं

केबल योग्य असूनही प्लेस्टेशन फोर-केचे पूर्ण रंग देत नव्हतं, तेव्हा मी केबल परत करायला निघाले होते. सेटिंग बंद होतं. अनेक टीव्ही एचडीएमआय सॉकेट सुरुवातीला साध्या मोडवर ठेवतात. सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीमध्ये 'एचडीएमआय डीप कलर', सोनीत 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट'मध्ये 'एन्हान्स्ड'. ज्या सॉकेटला वस्तू जोडली त्याच्यापुरतं चालू करा. जुना सेट टॉप बॉक्स मात्र या मोडवर कधीकधी बिघडतो, त्याचं सॉकेट साध्यावरच ठेवा.

मग एकदा अर्धा तास सलग चालवून बघा. ठिपके, काळोख, आवाज तुटणं यांतलं काही दिसलं तर केबल बदलण्याआधी दोन्ही टोकं काढून पुन्हा घट्ट बसवा, दुसऱ्या सॉकेटमध्ये लावा, दुसरी केबल लावा. तिन्ही करूनही तेच झालं तर वस्तूतच दोष. केबल बदलून मिळायची मुदत संपायच्या आत हे सगळं उरका, आणि तोवर खोकं फाडू नका. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून 'बॉक्स', 'गेम', 'बार' असं लिहा.

११. लावताना बटण बंद, पावसाळ्यात केबल बाहेर

केबल लावता-काढताना टीव्ही आणि वस्तू दोन्हींची भिंतीवरची बटणं बंद करा. डिशची पिन हाताळताना मुंग्या आल्यासारखा हलका झटका बसतो, तो खूप जणांनी अनुभवला असेल. अशा गळक्या करंटने एचडीएमआय सॉकेटही जातं.

त्याहून मोठी भीती विजेची. गच्चीवरच्या छत्रीतून आलेला झटका आरजी-६ ने बॉक्समध्ये आणि एचडीएमआयने टीव्हीत पोचतो. गावी शेजाऱ्यांच्या टीव्हीचं एचडीएमआय असंच जळलं, बाकी टीव्ही ठणठणीत. वळवाच्या दिवसांत आभाळ भरायला लागलं की, विजा सुरू व्हायच्या आधीच, बटणं बंद करून छत्रीची पिन बॉक्समधून काढून ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावायचा नाही. सासूबाई हल्ली अंगणातली वाळवणं आत घ्यायच्या आधी ती पिन काढतात.